समुद्राची गाळणी आणि इन्याकीचं गाव

सौदीत काय करत होतात, असं कुणी विचारलं की मी खरं सांगतो. समुद्रातला कचरा काढत होतो. त्यावर बहुतेक लोक चहा घेणार का म्हणून विचारतात आणि विषय बदलतात. या अंकाच्या संपादकांनी बदलला नाही. म्हणाले, लिहून द्या. म्हणून लिहितो.

सौदीत नदी नाही. रियाधमध्ये नळ सोडल्यावर येणारं बरंचसं पाणी पूर्वेच्या किनाऱ्यावरून, वाळवंटातल्या पाइपांतून तिथवर गेलेलं असतं. तिथे समुद्राचं पाणी गोडं करण्याचे कारखाने आहेत. अशाच एका कारखान्यात मी नोकरी केली. काम समजायला सोपं आहे. भातावरचं झाकण उचललं की आतल्या बाजूने थेंब गळतात ना, तेच. खारं पाणी तापवायचं, वाफ धरायची, थंड करायची. फक्त आमचं झाकण चार मजली होतं.

माझं खातं मात्र तापवण्याच्या आधीचं. समुद्र कारखान्यात येतो तो एकटा येत नाही. बरोबर शेवाळ आणतो, मासे आणतो, जेलीफिशचे लोंढे आणतो. चपला, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि एकदा नमाजाची चटईसुद्धा आली. हे सगळं पंपात गेलं तर पंप मरतो. म्हणून पाण्याच्या तोंडाशी लोखंडी गज आणि त्यांच्या मागे फिरत्या जाळ्या लावलेल्या असतात. त्या जाळ्यांचा मी फोरमन. थोडक्यात, समुद्राला लावलेली गाळणी मी सांभाळायचो. एकदा जाळीत कासव आलं. ते मी लांब नेऊन सोडलं. आठवड्याभरात पुन्हा कासव आलं. तेच होतं अशी खात्री देत नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर ओळख होती.

मी हर्णैचा. वडील मचव्यावर तांडेल होते. मुलगा समुद्रावर नको म्हणून त्यांनी मला आयटीआयला घातलं आणि मी अडीच हजार किलोमीटर जाऊन पुन्हा समुद्रावरच उभा राहिलो.

इन्याकी माझ्या खात्यात आला तो कुवेतच्या युद्धाच्या दोन-तीन वर्षं आधी. पाण्याच्या बॉयलरांचं काम एका स्पॅनिश ठेकेदाराकडे होतं, त्यांनी आणलेला वेल्डर. बुटका, रुंद, आणि नाक असं की माणूस वळण्याआधी नाक वळायचं. खाऱ्या पाण्यात जाळ्यांचे सांगाडे सतत गंजत, म्हणून तो बॉयलरपेक्षा माझ्याकडेच जास्त असायचा. पहिल्या दिवशी गेटवरच्या क्लार्कने त्याला देश विचारला.

"बास्क," इन्याकी म्हणाला.

"असा देश आमच्या यादीत नाही."

"आमचीही तीच अडचण आहे," इन्याकी म्हणाला.

क्लार्कने स्पेन लिहिलं. बास्क म्हणजे स्पेनच्या उत्तरेकडचे, वेगळ्या भाषेचे पण स्वतःचा देश नसलेले लोक, हे मला पुढे कळलं. आमची मैत्री तिथे सुरू झाली. भाषा म्हणाल तर मोडकं इंग्लिश आणि त्यात यल्ला, खलास असे सात-आठ अरबी शब्द. तेवढ्यात बहुतेक सगळं बोलता येतं. तो मला इब्राहिमऐवजी इब्रा म्हणायचा. बाकीचं नाव त्याला जास्त वाटायचं.

इराकने कुवेत घेतलं आणि उन्हाळ्यातच आमच्या रस्त्यावरून उत्तरेकडे रणगाडे जायला लागले. लोक निघून जाऊ लागले. साहेब लोक आधी गेले, मग साहेबांचे साहेब गेले. मी राहिलो त्यात शौर्याचा भाग नव्हता. माझा पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात होता आणि कपाटाची किल्ली ज्याच्याकडे होती तो जेद्द्याला गेला होता. इन्याकीचं तसं नव्हतं. त्याच्या ठेकेदाराने आपल्या माणसांसाठी गाडी पाठवली, पुढे विमान ठरलेलं. माणसं बसली. इन्याकी हातात वेल्डिंगचा मुखवटा घेऊन उभा राहिला आणि गाडी गेली.

"का नाही गेलास?" मी विचारलं.

"तिकडे भोंगा बंद पडलाय," तो म्हणाला.

याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

जानेवारीत युद्ध सुरू झालं आणि इकडचा भोंगा चालू झाला. क्षेपणास्त्र येतंय असं कळलं की भोंगा वाजायचा, मग आम्ही पंपघराच्या मागच्या खोलीत जायचो. तिच्या खिडक्यांना प्लॅस्टिक आणि चिकटपट्टी लावली होती. विषारी वायू आला तर म्हणून प्रत्येकाला रबरी मास्क दिला होता. सेफ्टीचे अधिकारी मिस्टर डग्लस नावाचे स्कॉटिश गृहस्थ होते. ते शांतपणे म्हणाले, दाढीवर मास्क घट्ट बसत नाही. माझी दाढी लग्नापासूनची. मी म्हटलं, व्हॅसलिन लावून चालेल का? ते म्हणाले, "चालेल, पण किती वेळ चालेल हे सांगायला तुम्ही उरणार नाही." त्या दिवशी कँपातल्या न्हाव्याकडे रांग होती. दाढी गेल्यावर मी धाकट्या भावासारखा दिसायला लागलो. तो माझ्यापेक्षा वाईट दिसतो.

त्या खोलीत तासन् तास बसायला लागायचं. कुणी तसबीहचे मणी ओढायचं, कुणी रेडिओला कान लावायचं. इन्याकी मला आपलं गाव सांगायचा. मास्क घालून नाही, धोका कमी झालाय पण अजून बाहेर सोडत नाहीत, त्या वेळात. युद्ध संपेपर्यंत मला ते गाव पाठ झालं.

गावाचं नाव सेस्ताओ. बिलबाओ या मोठ्या शहराजवळ. मधून नदी जाते, खाडीच म्हणायची, भरती-ओहोटीवाली, पण कारखान्यांच्या घाणीने मासा न उरलेली. एका तीरावर मालकांचे बंगले, दुसऱ्यावर कारखाने आणि कामगार. सेस्ताओ दुसऱ्या तीरावर, टेकडीवर चढलेलं. जागा कमी म्हणून घरं उंच आणि रस्ते उभे. खाली पोलादाच्या भट्ट्या, शेजारी जहाजांची गोदी. निम्मं गाव बाहेरून पोटासाठी आलेलं. इन्याकीचा बापही स्पेनच्या कुठल्याशा कोरड्या खेड्यातून, डुकरं राखायचं सोडून भट्टीवर आला होता. त्याने पोरांची नावं बास्क ठेवली, म्हणजे निदान हाक मारल्यावर तरी ती तिथली वाटावीत.

"रस्त्याच्या टोकाला समुद्र दिसायचा का?" मी विचारलं.

"रस्त्याच्या टोकाला जहाज दिसायचं," तो म्हणाला. "घरांच्या वर त्याचं नाक. महिनोन् महिने. मग एक दिवस शाळेला सुटी, बॅंड वाजायचा, जहाज पाण्यात जायचं, आणि दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या टोकाला नुसतं आभाळ. आईला ते आवडायचं नाही. म्हणायची, दात पडल्यासारखं वाटतं."

बायका धुणं वाळत घालण्याआधी धूर कुठे चाललाय ते बघत. वारा फिरला की चादरी तांबड्या. आकाशही संध्याकाळी भट्टी ओतली की तांबडं. सगळं गाव गोदीच्या भोंग्यावर उठायचं, जेवायचं आणि निजायचं. पाळी सुटली की मित्रांचा घोळका एका बारमध्ये छोटा पेला वाइन घ्यायचा, मग पुढच्या बारमध्ये दुसरा, मग तिसरा.

"सगळे पेले एकाच ठिकाणी का नाही पीत?" मी, ज्याने आयुष्यात थेंब घेतला नाही, विचारलं.

"मग चालणं कसं होणार?"

पुरुषांचे स्वयंपाकाचे क्लबही होते. तिथे पुरुष जमून मासे शिजवत आणि बायकांना चुलीजवळ येऊ देत नसत. हे मी माझ्या बायकोला, फातिमाला, फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "त्या गावात जागा मिळते का बघा."

मग गोदीला ऑर्डरी येईनाशा झाल्या, भोंगा बंद पडला. जहाजं दुसरीकडे स्वस्त होऊ लागली. माणसं कमी करायचं ठरलं. गाव रस्त्यावर आलं, पुलावर टायर जाळले, पोलिसांनी रबरी गोळ्या झाडल्या. गोदीने सांगितलं की जे आपणहून जातील त्यांना भरपाई देऊ. इन्याकीने ती घेतली. त्याचा थोरला भाऊ पाची भट्टीवर होता, त्याची नोकरी अजून शाबूत होती, पण तो रोज गोदीवाल्यांच्या बाजूने मोर्च्यात जात होता. पाचीचं म्हणणं एवढंच की राहतील तर सगळे, नाहीतर कुणीच नाही.

"त्याने मला सगळ्यांसमोर सांगितलं," इन्याकी म्हणाला, "पहिला जो बाहेर जातो तो दार उघडं टाकून जातो. मग थंडी सगळ्यांना लागते."

"तू काय म्हणालास?"

"मला दोन मुली आहेत म्हणालो. तो म्हणाला, सगळ्यांनाच आहेत. मग तो ज्या बारमध्ये असेल तिथे मी जात नव्हतो. आमच्याकडे बार पुष्कळ आहेत, पण पाची सगळ्यांत जायचा. म्हणून मी इकडे आलो. इकडे बारच नाही."

हे तो अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाला. मी हसलो नाही. हसलो असतो तरी चाललं असतं बहुतेक.

जानेवारी सरत आला आणि बातमी आली की कुवेतकडून समुद्रावर कच्च्या तेलाचा थर खाली सरकतोय. आता माझ्या गाळणीत जेलीफिश अडकतात, तेल अडकत नाही. तेल आत गेलं तर नळ्यांवर चढून बसतं, पाण्याला वास येतो आणि कारखाना बंद करावा लागतो. कारखाना बंद म्हणजे रियाधचे नळ कोरडे, आणि वर वाळवंटात तहानलेलं सैन्य. मुदीर, म्हणजे आमचे सौदी मॅनेजर, बाकीचे साहेब गेल्यावरही राहिलेले. ते गाळणीवर आले आणि मला म्हणाले, "इब्राहिम, तेल आत येता कामा नये." जसं काही मी तेलाला ओळखत होतो.

पाण्याच्या तोंडासमोर बूम लावले. बूम म्हणजे फुगवलेला, तरंगणारा जाडजूड पडदा, खाली पाण्यात त्याची झालर. तेल त्याला टेकतं आणि थांबतं. एकामागे एक असे काही पडदे, दोन्ही टोकांना धक्क्याच्या लोखंडी खांबांना बांधलेले. मग उत्तरेचा वारा सुटला. त्याला तिकडे शमाल म्हणतात. संध्याकाळकडे सगळ्यात बाहेरच्या पडद्याचं एक टोक खांबावरच्या कडीतून निसटायला लागलं. कडीच वाकली होती. पडद्यापलीकडे पाण्याला काळी साय आली होती. वास असा की जेवण नको वाटावं.

इन्याकी म्हणाला, नवी कडी वेल्ड करतो, थोड्या वेळाचं काम. मिस्टर डग्लस म्हणाले, "तेलाच्या वर ठिणगी? मी परवानगी देणार नाही." इन्याकीने पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बरोबर आहे. मीही दिली नसती." दोघं थोडा वेळ खांबाकडे बघत राहिले. मग इन्याकी म्हणाला, गोदीत मोठं जहाज वेल्डिंगशिवाय तात्पुरतं धरायचं असेल तर पोलादी दोर खांबाला वेढे देऊन लाकडाच्या पाचरी ठोकतात. डग्लससाहेबांनी स्वतः जाऊन पाचरी कापून आणल्या.

होडी मी घेतली. दुसरं कुणी घ्यायला तयार नव्हतं आणि लाटेत होडी खांबाला धरून ठेवायची कशी हे मी बोलायला शिकण्याआधी शिकलो होतो. इन्याकी पुढे गुडघ्यांवर, हातात दोर. एक वेढा बसला, दुसरा बसला. पडद्याचं टोक एका हुकाने मी ओढून धरलेलं, पाय होडीच्या कडेला रोवलेले. आणि भोंगा वाजला.

धक्क्यावरचे सगळे खोलीकडे पळाले, डग्लससाहेब सोडून. ते हातांनी या, या करत होते. मी हात सोडला असता तर पडदा उघडला असता आणि साय आत आली असती. इन्याकीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मास्क घाल." त्याने आधी माझ्या चेहऱ्यावर माझा मास्क चढवला, पट्टे आवळले, कारण माझे दोन्ही हात अडकलेले. मग स्वतःचा घातला. रबराच्या आत श्वासाचा आवाज एवढा येतो की भोंगाही लांबचा वाटतो. काच धुरकटली. मला इन्याकी दिसत नव्हता, फक्त पाचरीवर हातोडा बसला की होडी हलायची, त्यावरून तो आहे एवढं कळायचं. दोन घावांच्या मध्ये जो वेळ जायचा तो मला आवडला नाही. फातिमा आठवली, कलमा पुटपुटला, आणि त्याच वेळी हुक घसरू नये म्हणून एक शिवीही दिली. अल्लाहने कुठलं ऐकलं माहीत नाही.

लांब दक्षिणेला आभाळात धडाम झालं. आमच्यावर काही पडलं नाही. शेवटची पाचर बसली, इन्याकीने माझ्या खांद्यावर थाप मारली, मी हात सोडले. पडदा राहिला. धक्क्यावर चढलो तेव्हा डग्लससाहेब तिथेच होते, मास्क घालून, एकटे. मास्क काढून ते म्हणाले, "तुम्ही दोघांनी नियम मोडला आहे." मग म्हणाले, "चहा सांगतो."

तेल आत आलं नाही. ते फक्त आमच्या पाचरींमुळे असं म्हणणार नाही. पडदे बरेच होते, माणसंही बरीच होती, आणि वाराही पुढे फिरला. पण किनाऱ्यावर पाणकावळे डांबरात बुडून बसले होते, त्यांचं आम्हाला काही करता आलं नाही. पहिले काही धुऊन पाहिले. ते मेले. गाळणीवरच्या माझ्या सगळ्या नोकरीत जे वाईट वाटतं त्यात हे पहिलं.

पुढच्या शुक्रवारी ऑफिसने प्रत्येकाला घरी एक फोन करू दिला. इन्याकीने बायकोशी बोलून झाल्यावर मुदीरकडे आणखी एक फोन मागितला. कुणाला, म्हणून विचारलं तर म्हणाला, बारला. मुदीरांनी कान झाकल्यासारखं केलं आणि फोन पुढे सरकवला. इन्याकीने बारवालीला सांगितलं, पाचीला बोलव. बराच वेळ नुसता बारचा गलका ऐकू येत होता. मग इन्याकी दोन-तीन वाक्यं बोलला आणि फोन ठेवला.

"काय म्हणाला?"

"विचारलं, तिथे वाइन मिळत नाही हे खरं का."

"मग?"

"मी म्हणालो, खरं. तो म्हणाला, मग पुरेशी शिक्षा झाली."

"परत ये म्हणाला?"

"नाही. फोन बारवालीला दिला."

युद्ध संपलं. माणसं परत आली, किल्लीवालाही आला. इन्याकी राहिला. दोन वर्षांतून एकदा सुटीवर जायचा तो बायकोच्या माहेरच्या गावी, समुद्रकिनारी. मुली तिथेच वाढल्या. सेस्ताओला गेला नाही. मधल्या काळात भट्ट्याही बंद झाल्या, हे त्याला रेडिओवर कळलं. त्या दिवशी त्याने जाळीचा एक सांगाडा दोनदा वेल्ड केला. एकदा पुरला असता.

पुढे काही वर्षांनी कारखान्याने नवे पंप मागवले. पंप रवाना होण्याआधी तिथे जाऊन ते चालवून बघायला माणूस पाठवतात. पंप बिलबाओजवळच्या वर्कशॉपमध्ये होत होते. मुदीरांनी मला पाठवलं. इन्याकीला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "जमलं तर गाव बघ."

"पाचीला काही सांगायचं?"

"नाही."

पंप चांगले होते. तिसऱ्या दिवशी वर्कशॉपमधली नेरेआ नावाची मुलगी, जिला इंग्लिश येत होतं, मला गाडीतून सेस्ताओला घेऊन गेली. बिलबाओ लखलखीत झालं होतं. नदीकाठी फिरायला फरसबंदी, झाडं, पर्यटक. पुढे सेस्ताओ आलं. रस्ते तसेच उभे. पण मी पाठ केलेलं गाव शोधत होतो आणि ते अर्धंच सापडत होतं. खाली मोकळ्या रानात एक भट्टी एकटी उभी होती, कुंपणाच्या आत, गंजलेली, वर झुडूप उगवलेलं. नेरेआ म्हणाली, ती स्मारक म्हणून ठेवली आहे. खिडक्यांवर घर विकणे आहे अशा पाट्या, शटर ओढलेली दुकानं, बाकावर म्हातारे. गोदीतून अधूनमधून एकाच हातोड्याचा आवाज. बाल्कन्यांत चादरी पांढऱ्याशुभ्र. हवा इतकी स्वच्छ की मला थोडी लाज वाटली, कारण मी धूर बघायला आलो होतो.

बारमध्ये पाची नव्हता. बारवाली म्हणाली, खाली नदीवर असेल. तो धक्क्यावर बसला होता, गळ टाकून. नाकावरून ओळखला. मी कोण ते नेरेआने सांगितलं. त्याने हात पुसून माझ्याशी हस्तांदोलन केलं आणि विचारलं, "तो काय करतो?"

"वेल्डिंग," मी म्हणालो.

"अजून?"

"अजून."

पाचीने डबीतून आमिष काढलं, गळाला लावायला लागला. बराच वेळ लागला. मग नदीकडे बघत काहीतरी म्हणाला. नेरेआने मला सांगितलं, "म्हणतायत, त्याला सांगा, आता मीपण घरीच आहे."

सौदीत परत आल्यावर मी आधी आमच्या कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये गेलो. इन्याकीने मुखवटा वर केला. मी भट्टीचं सांगितलं, झुडपाचं सांगितलं, चादरींचं सांगितलं. तो मान हलवत होता, दुसऱ्या कुणाच्या आजाराबद्दल ऐकावं तसा. मग पाचीचा निरोप सांगितला.

"हसून म्हणाला?"

"नाही. गळाला आमिष लावत होता."

"गळ? कुठे?"

"नदीत."

"आमच्या नदीत मासा?"

"आमच्याकडे बोय असते तसा. मी असताना एक लागला. त्याने परत सोडला."

इन्याकीने हातमोजे काढले, टेबलावर ठेवले, एकावर एक. त्या दिवशी त्याने पुढे काम केलं नाही. शनिवारी मुदीरांकडे जाऊन कायमचं जाण्याचा परवाना मागितला. मुदीर हादरले. त्यांनी विचारलं, "घरी कुणी आजारी आहे का?"

"नाही," इन्याकी म्हणाला. "भाऊ रिकामा आहे."

तो गेला. जाळ्यांचे सांगाडे त्याच्यानंतर पुन्हा तसे कुणी जोडले नाहीत. पुढे मीही हर्णैला परतलो. पहिल्या ईदला त्याचा फोन आला. कुणीतरी त्याला ईद कधी असते ते सांगितलं होतं, एक दिवस चुकीचं. म्हणाला, तब्येत ठीक आहे, बायको कुरकुर करते पण सेस्ताओला राहायला आली आहे, रोज सकाळी तो आणि पाची नदीवर जातात.

मी विचारलं, "बोलता का दोघं?"

"नाही," इन्याकी म्हणाला. "मासे पळतात."